गव्हाण ते न्यूयॉर्क : किती लांब?

पनवेल तालुक्यातल्या गव्हाणला आत्याकडे गेलो, तेव्हा ती ओट्यावर बसून वर पाहत होती. उलव्याची टेकडी कापून बांधलेल्या नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. आत्याचा नातू मात्र त्याआधीच, ऑगस्टमध्ये, सहारच्या विमानतळावरून शिकायला न्यूयॉर्कला गेला.

"रात्री दोनला उडाला. उतरल्यावर फोन केला, तर म्हणे इथं सकाळचे साडेआठ. म्हणजे साडेसहाच तास ना रे? नागपूरला दीक्षाभूमीला जायला आपल्याला याहून जास्त लागतात!"

"तेव्हा तुझ्या घड्याळात किती वाजले होते?"

"संध्याकाळचे सहा."

"मग झाले की सोळा तास!"

वाचकहो, फसगत इथेच होते. न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. विमान ताशी साधारण ९०० किलोमीटर जाते, म्हणजे चौदा तास व्हायला हवेत. पण अमेरिकेकडे जाताना वरचे जोराचे वारे समोरून येतात. शिवाय युद्धामुळे एखाद्या देशाचे आकाश बंद असले की वळसा पडतो. परतताना तेच वारे पाठीशी असतात, म्हणून दीड-दोन तास वाचतात.

शाळेतल्या नकाशावर ही वाट सरळ पश्चिमेला दिसते. खरी जवळची वाट उत्तरेकडून, ग्रीनलंडच्या बाजूने जाते. घरात मुलांचा चेंडू असेल तर दोन ठिपके काढून दोरा ताणून पाहा, लगेच पटेल.

मी म्हणालो, "आत्या, बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचले ते बोटीने. वाटेत कित्येक आठवडे गेले. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती तीन वर्षांची. घरचे बरेवाईट कळायचे ते पत्राने. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला वडील रामजी गेले होते, ते दुःख घेऊनच ते निघाले."

आत्या बराच वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "खरं सांग. मला काही झालं, तर पोर किती वेळात येईल?"

तिला किलोमीटर नको होते, हेच विचारायचे होते. मी बोटांवर मोजले. तिकीट मिळणे, विमानतळावरचे तीन-चार तास, उडण्याचे चौदा-पंधरा, उतरल्यावरची तपासणी, मग गव्हाणपर्यंतचा रस्ता.

"दीड दिवस धर."

"म्हणजे मातीला येईल," ती म्हणाली. "मग उगाच बोलावू नका त्याला. पुरं शिकू दे."

एवढे बोलून ती चहा ठेवायला आत गेली. डोक्यावरून एक विमान निघून गेले. या वेळी तिने वर पाहिले नाही.