अठरा पायऱ्या

माणसाला स्वतःच्या आवाजाचे प्रेम फार असते. आणि तो माणूस मराठीचा प्राध्यापक असला तर विचारूच नका! वर्गात पन्नास मिनिटे बोलून बाहेर पडताना मला नेहमी वाटत आले आहे की, आजचे व्याख्यान झकास झाले. पुढच्या बाकावरच्या मुली माना डोलावतात, मागच्या बाकावरचा एखादा जांभई देतो. त्या जांभईचाही मोठा आधार असतो. तो तिथे आहे, एवढे तरी कळते.

२०२० साली टाळेबंदी आली आणि हा आधार गेला. पुस्तकांच्या चळतीला फोन टेकवून मी दिवाणखान्यातून शिकवू लागलो. त्या वर्षी कॉलेजात नाव घातलेल्या मुलांनी कॉलेजची इमारतही पाहिलेली नव्हती. समोर बेचाळीस काळे चौकोन आणि प्रत्येकात एक नाव! मी विनोद करायचा आणि कोणी हसले असेल असे धरून क्षणभर थांबायचे. एकदा स्वयंपाकघरातून सौभाग्यवतीने विचारले, "अहो, वर्गातसुद्धा तुम्ही असे एकटेच बोलता का?" मला राग आला. राग खऱ्या बोलण्याचाच येतो.

तरी आपण कर्तव्यात कसूर केली नाही, अशी माझी समजूत होती. तास वेळेवर घेतले, टिपणे पाठवली, हजेरी मांडली. एका मुलीने चाचणी दिली नाही. का दिली नाही, हे मी विचारले नाही. रकान्यात 'गैरहजर' लिहिले आणि पुढच्या नावाकडे वळलो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कॉलेज पुन्हा भरले. पहिलाच तास संपवून मी जिना उतरत होतो, तो पुढे दोन मुली एकमेकींकडे पाहत थबकलेल्या.

"अगं, तू आमच्या खाली तिसऱ्या मजल्यावर राहतेस ना?"

"हो! तू पण ह्याच वर्गात?"

मग पहिली माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, रोज अकरा वाजता खालून तुमचा आवाज यायचा. मला वाटायचं, आमचाच फोन घुमतोय!"

आम्ही तिघेही पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर खालच्या मजल्यावरची हळूच म्हणाली, "चाचणीच्या दिवशी आमचा फोन बंद पडला होता, सर. घरात तो एकच होता." वरच्या घरात तीन फोन होते. मधे जेमतेम अठरा पायऱ्या. पण त्या चढून जायला वर कोणी आपले आहे, हे ठाऊक असावे लागते. आणि वर्षभर रोज बोलून मी तेवढेच सांगितले नव्हते! गुण केव्हाच पाठवून झाले होते. आता हळहळण्यावाचून हाती काही नव्हते.

मायकेल मूर या दूरशिक्षणाच्या अभ्यासकाने सांगून ठेवले आहे की, अशा शिक्षणातले खरे अंतर मैलांचे नसते, संवादाचे असते. कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी २००० साली लिहिले की, पडद्यावरच्या वर्गाला तीन गोष्टी लागतात: शिक्षकाचे असणे, विचाराचे असणे आणि माणसांनी एकमेकांना माणूस म्हणून जाणवणे. पहिली मी भरपूर पुरवली, दुसरीची आशा धरली आणि तिसरीचा मला पत्ताच नव्हता.

पुढे एक ऑनलाइन अभ्यासक्रम रचण्याचे काम माझ्याकडे आले. सरकारच्या 'स्वयम्'वरील अभ्यासक्रमांचे चार भाग असतात: चित्रफीत, वाचनाचे साहित्य, स्वाध्याय आणि चर्चा. आम्ही प्राध्यापक चित्रफितीपासून सुरुवात करतो, आणि चर्चेपर्यंत पोचतो तेव्हा उत्साह संपलेला असतो. मी या वेळी उलटीकडून आरंभ केला. पाच-पाच जणांचे गट केले. चेहरा दाखवण्याची सक्ती नाही. रेंज नसेल तर आवाज मुद्रित करून पाठवावा. माझी व्याख्याने दहा-दहा मिनिटांची केली. (त्याचे दुःख अजून आहे!) पहिले काम असे: घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा, आपण वापरत नाही असा एक शब्द आणावा आणि इतरांनी त्याचा अर्थ ओळखावा.

नागपूरच्या मुलाने आजीचे वाक्य पाठवले, "भाजीवर सांबार घाल." ठाण्याच्या मुलीने विचारले, "भाजीवर इडलीचं सांबार?" दोन दिवस वाद चालला. अखेर विदर्भातले सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, हा उलगडा झाला. कोल्हापूरकराने भाजीपाल्यासाठी 'माळवं' आणले. तिसऱ्या दिवशी प्रश्न आला, "सर, एका भाषेत असं का होतं?" बोलींवरचे व्याख्यान मी पंधरा वर्षे देत आलो होतो. ते मागून घेतले गेले, ते या वेळीच!

सगळेच साधले असे नाही. एका गटात एक मुलगी राबायची आणि चौघे नावे घालायचे. मग कामाची साखळी केली: एकाने शब्द मुद्रित करायचा, दुसऱ्याने लिहून काढायचा, तिसऱ्याने तो दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त शोधायचा. एक थांबला की सगळे अडणार! अडले म्हणजे माणूस शेजाऱ्याचे दार ठोठावतो.

पाचव्या आठवड्यात एका गटाचा निरोप आला, "सर, आमच्यातला एक जण दोन दिवस आला नाही म्हणून आम्ही फोन केला. त्याचे आजोबा दवाखान्यात आहेत. त्याचं काम आम्ही करतोय. त्याला गैरहजर लावू नका."

तो आलेला नाही, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. मी निरोप दोनदा वाचला आणि जुना हजेरीपट काढून पाहिला. त्या मुलीच्या नावापुढे माझ्याच वळणदार अक्षरात 'गैरहजर' लिहिलेले होते. मनात आले, त्या दिवशी नेमके गैरहजर कोण होते?