लखनौच्या बाजारात लॅपटॉपची खरेदी

मुंबईहून रेल्वेचा लांबचा प्रवास करून मी चारबाग स्थानकावर उतरले, तेव्हा दादा घ्यायला आला होता. लाल-पांढऱ्या घुमटांचे ते स्थानक पाहून कुणालाही वाटावे, आपण राजवाड्यातच उतरलो. पण दादाने ते डोळे भरून पाहू दिले नाही. बॅग उचलता उचलता म्हणाला, "बरं झालं आलीस. घरात गेले पंधरा दिवस लॅपटॉपवरून महाभारत चाललंय. आता तूच सोडव."

दादा रेल्वेच्या संशोधन संस्थेत, म्हणजे मानकनगरच्या आर.डी.एस.ओ.मध्ये नोकरीला आहे. त्याची मुलगी, माझी भाची, भातखंडे संस्कृती विश्वविद्यालयात गायन शिकते. घरातला जुना संगणक गेल्या पावसाळ्यात कायमचा बंद पडला. तेव्हापासून पोरगी टिपणे, निबंध, रियाजाचे ध्वनिमुद्रण सारे मोबाइलच्या वीतभर पडद्यावर उरकते आहे. लॅपटॉप हवा, याबद्दल दुमत नव्हते. प्रश्न होता तो पैशांचा. पन्नास हजार रुपये होते, आणि तेही वहिनीच्या भिशीचे. इकडे भिशीला 'कमेटी' म्हणतात. दहा महिने पाच-पाच हजार भरल्यावर वहिनीचा नंबर लागला होता, आणि मूळ बेत बांगड्यांचा होता.

वहिनी म्हणाली, "बांगड्यांचं राहू दे. पण हे पैसे पुन्हा जमायला वर्ष लागेल. घ्यायचा तो चार-पाच वर्षं टिकणारा घ्या."

भाचीच्या मनात मात्र एक लॅपटॉप पक्का भरला होता. काळाकुळकुळीत, कळफलकाखाली लाल दिवे लागणारा. "आत्या, माझ्या मैत्रिणीकडे अगदी तस्साच आहे!"

चौकातला धडा

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मला चिकनकारीचे कुडते दाखवायला चौकात घेऊन गेली. ('चिकन घ्यायला चाललोय' असे मी फोनवर सांगितल्यावर आमच्या घरी भलताच गैरसमज झाला, तो भाग वेगळा!) गोल दरवाजाजवळच्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंना पांढऱ्या, फिकट गुलाबी, पिस्ता रंगांचे ढीग. कापडावर आधी लाकडी ठशाने नक्षी छापतात, मग बायका त्यावर भरतकाम करतात आणि शेवटी धुऊन ठशाचा रंग घालवतात. टेपची म्हणजे साधा धावदोरा, मुर्री आणि फंदा म्हणजे बारीक गाठी, तर जाळी कापड न कापता, धागे बाजूला सारून पाडतात. २००८ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

मला एक कुडता फार आवडला. पैसे काढणार, तोच वहिनीने तो हातातून घेतला आणि सरळ उलटा केला. "वन्सं, इथे आधी उलटी बाजू बघायची. यंत्राचं काम मागून सगळीकडे एकसारखं दिसतं. हाताच्या कामात धागा कुठे लांब, कुठे गाठ. आणि बखिया तर मागूनच भरतात, पुढे नुसती सावली दिसते." तो कुडता यंत्रावरचा निघाला. दुकानदाराने हसून दुसरा गठ्ठा सोडला.

नाझा मार्केटात

दुपारी आम्ही तिघी आलमबागहून मेट्रोने हजरतगंजला गेलो. एकसारख्या दर्शनी भागांची ती देखणी दुकाने ओलांडून लालबागकडे वळले, की नाझा मार्केट लागते. लखनौचा संगणकबाजार तो हाच. एकावर एक दुकाने, वायरींची भेंडोळी, दुरुस्तीला उघडून ठेवलेली यंत्रे, आणि प्रत्येक दारातून "आइए बहनजी, क्या देखना है?"

या शहराचे आणि लॅपटॉपचे नाते तसे जुने. ११ मार्च २०१३ रोजी इथल्याच कॉल्विन तालुकेदार महाविद्यालयात तेव्हाचे मुख्यमंत्री अखिलेश यादव यांनी बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. राज्यभर लाखो मुलांच्या हाती सारखेच यंत्र आले. निवडीचा प्रश्नच नव्हता. स्वतःच्या पैशाने घेणाऱ्याला मात्र शंभर डब्यांतून एक उचलायचा असतो.

लाल दिव्यांचा लॅपटॉप समोर आला. भाचीचे डोळे चमकले. दुकानदार किमतीवर आणि 'रायझन ५' या चिकटपट्टीवर बोट ठेवून बोलत होता. वहिनीने शांतपणे विचारले, "भैया, इसका उलटा दिखाइए."

दुकानदार क्षणभर गोंधळला, मग हसला आणि यंत्र उलटे केले. तळाच्या जाळीतून पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. खेळांसाठी बनवलेली अशी यंत्रे तापतात, म्हणून त्यांचे पंखे मोठे, वजन दोन किलोंच्या वर आणि चार्जर विटेएवढा. मी भाचीला विचारले, "तानपुऱ्यासोबत हा पंखाही तुझ्या ध्वनिमुद्रणात गाणार. चालेल?" ती काही बोलली नाही, पण तिने स्वतःच झाकण मिटले.

मग आम्ही प्रत्येक यंत्राची 'उलटी बाजू' विचारायला लागलो. वाचकांपैकी कुणाच्या घरी हीच खरेदी निघाली असेल, तर आम्हाला कळले ते असे :

प्रोसेसर : चिकटपट्टीवरचे 'आय५' किंवा 'रायझन ५' हे नुसते घराण्याचे नाव. पूर्ण क्रमांक विचारावा. 'रायझन ५ ७५२०यू' आणि 'रायझन ५ ७५३०यू' ऐकायला सख्खी भावंडे वाटतात. पण पहिल्यात चारच गाभे आणि २०१९ सालची रचना, दुसऱ्यात सहा गाभे आणि त्यानंतरच्या पिढीची रचना. फरक त्या तिसऱ्या आकड्यात लपलेला.

रॅम : रोजच्या कामाला ८ जीबी कमीत कमी, १६ असेल तर निश्चिंती. ८ जीबी घेत असाल तर रॅम वाढवायला खाच आहे का, हे आवर्जून विचारा. अनेक यंत्रांत रॅम पटावरच डाखलेली असते. ती पुढे वाढत नाही.

साठवण : एसएसडीच हवी, शक्यतो ५१२ जीबी. घरी आल्यावर पडद्यावर ४७६ दिसले, तर दुकानदाराला बोल लावू नका. हा फक्त मोजायच्या दोन पद्धतींतला फरक आहे.

पडदा : फुल एचडी आणि आयपीएस असावा. झाकण मागे-पुढे कलवून आणि बाजूने पाहा. रंग उलटेपालटे दिसले तर दुसरा मागा. शिकणाऱ्या मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

बॅटरी : 'दिवसभर चालते' या बोलण्यापेक्षा वॅट-तासांचा आकडा विचारा. साध्या कामाला तासाला साधारण आठ वॅट-तास खर्ची पडतात. म्हणजे ४२ वॅट-तासांची बॅटरी नवी असताना पाचेक तास पुरेल.

जुना घ्यावा का? कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात आणि बांध्याने मजबूत असतात. पण विंडोज १० साठीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. पिढी पाहिल्याशिवाय स्वस्ताईला भुलू नये.

शेवटी एक राखाडी, दिसायला अगदी साधा लॅपटॉप ठरला. वजन दीड किलोच्या आसपास, ८ जीबी रॅम आणि शेजारी एक रिकामी खाच, हेडफोनची जागा, आणि कान लावला तरी जेमतेम ऐकू येणारा पंखा. कंपनीचे सेवाकेंद्र शहरातच आहे, याची खात्री केली. पक्के बिल घेतले. हमीचे वर्ष त्यावरच्या तारखेपासून मोजतात. पन्नासातून उरलेल्या पैशांत रॅम आत्ताच वाढवावी, असे दुकानदाराने सुचवले. वहिनी म्हणाली, "गरज लागली की वाढवू. खाच कुठे पळून जाते?"

भातखंड्यांच्या दारात

परतताना भाचीने आम्हाला कैसरबागेत तिचे विद्यापीठ दाखवले. पंडित विष्णू नारायण भातखंडे मूळचे मुंबईचे, शिक्षणाने वकील. गावोगावी फिरून, घराण्यांच्या उस्तादांपुढे बसून त्यांनी बंदिशी गोळा केल्या, त्यांना स्वरलिपीत उतरवले आणि १९२६ साली इथे संगीताचे महाविद्यालय उभे राहिले. तेव्हाचे नाव मॅरिस कॉलेज. एका मराठी माणसाचे नाव उत्तरेच्या या राजधानीत असे दिमाखात पाहून ऊर भरून येतो.

भाची म्हणाली, "आत्या, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, हे सगळं मोबाइलवर टाइप करताना जीव जातो गं." आता समजले, तिला मोठा कळफलक का हवा होता. दिवे लाल नसले तरी चालणार होते.

रात्री जेवणे झाल्यावर तिने दार लावून घेतले. लॅपटॉपवर तानपुरा लागला, यमनचा आलाप सुरू झाला. थोड्या वेळाने तिने आम्हाला बोलावून ध्वनिमुद्रण ऐकवले. पंख्याची घरघर नव्हती. फक्त मध्येच कुठेतरी स्वयंपाकघरातल्या भांड्याचा आवाज आला होता.

"तो माझा," वहिनी ओशाळून म्हणाली. "पुन्हा म्हण, मी भांडी नंतर लावते."

"राहू दे गं आई," भाची म्हणाली, आणि तिने ते तसेच जपून ठेवले.