एका तारेवर दोन संगणक

तंजावर

चि. बाळास,


जर्मनीतल्या तुझ्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो आणि तंजावरच्या घरातल्या संगणकाचाही. मग या दोघांची गल्लत कशी होत नाही, असं तू विचारलंस. ही हकिगत आपल्या घरातही घडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. सुरुवात महानगरांतून झाली. तेव्हाचं मद्रास त्यांतलंच एक. पुढे तंजावरच्या घरात ते आलं तेव्हा मोडेम टेलिफोनच्या तारेवर चाले. वेग जास्तीत जास्त ५६ किलोबिट, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. आजोबांचा संगणक खाली माजघरात होता, तुझ्या आत्याचा माडीवर. आजोबांना पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं वाचायची असत, आत्याला मोडी कागदांची छायाचित्रं पुण्याच्या अभ्यासकांना पाठवायची असत. संगणक दोन, फोन एक.

वाट सापडली ती विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत. १९९९ मध्ये आलेल्या या आवृत्तीत ‘इंटरनेट कनेक्शन शेअरिंग’ ही सोय होती. आजोबांच्या संगणकात मोडेमच्या जोडीला लॅन कार्ड बसलं आणि जिन्याच्या कडेने माडीपर्यंत क्रॉसओव्हर केबल गेली. नेहमीच्या केबलमध्ये दोन्ही टोकांना तारांचा क्रम सारखा असतो. क्रॉसओव्हरमध्ये नारिंगी आणि हिरवी जोडी एका टोकाला अदलाबदल करून लावतात, म्हणजे एका यंत्राची बोलायची जोडी दुसऱ्याच्या ऐकायच्या जोडीला मिळते. आजोबांच्या संगणकाने आपोआप १९२.१६८.०.१ हा पत्ता घेतला आणि आत्याच्या संगणकाला त्याच मालिकेतला दुसरा दिला.

ही मालिका कुठून आली? १९८१ मध्ये इंटरनेटच्या पत्त्यांची जी रचना ठरली, तीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगातली माणसंच तेव्हा त्याहून जास्त होती. नव्वदीच्या सुरुवातीला हे पत्ते संपणार हे स्पष्ट दिसू लागलं. तेव्हा काही मालिका बाजूला काढून असं ठरलं, की या कोणीही आपल्या घरात वा कचेरीत वापराव्यात, मात्र बाहेरच्या इंटरनेटवर त्या कधीच दिसू नयेत. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजात अशा तीन मालिका नोंदल्या आहेत: १० ने सुरू होणारी, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतची आणि १९२.१६८ ची. म्हणून तुझा पत्ता आणि आमचा पत्ता सारखा असला तरी बिघडत नाही. दोन्ही घराबाहेर पडतच नाहीत.

बाहेर पडतो तो एकच पत्ता, जोडणी देणाऱ्या कंपनीने दिलेला. मग पुण्याहून आलेलं उत्तर माजघरात थांबायचं की माडीवर जायचं, हे कसं कळे? इथे आजोबांचा संगणक कारकुनाचं काम करी. आत्याचा प्रत्येक निरोप बाहेर जाताना तो त्यावरचा माडीचा पत्ता काढून आपला बाहेरचा पत्ता घाली, सोबत एक पोर्ट क्रमांक टाकी आणि आवक-जावक वहीत नोंद करी. उत्तर त्याच पोर्ट क्रमांकावर परत आलं, की वही पाहून ते माडीवर. या पत्तेबदलाची, म्हणजे ‘नॅट’ची, मांडणी केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ मध्ये केली. कायमचा उपाय सापडेपर्यंतची तात्पुरती सोय, असंच त्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं.

आपल्या घरी या सोयीची अडचण वेगळीच होती. आजोबा संगणक बंद करून झोपायला गेले, की माडीवरचं इंटरनेट गेलं.

२००५ मध्ये बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा आली. फोनच्या तारेला स्प्लिटर लागला आणि इंटरनेट चालू असतानाही फोन वाजू लागला. सरकारच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्याच किमान २५६ किलोबिट अशी होती. म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. पाच मेगाबाइटची फाइल उतरायला जवळपास पावणेतीन मिनिटं, आणि दोन्ही संगणक कामात असले तर दुप्पट. मोडेम ‘ब्रिज’ पद्धतीवर असला तर एकाच संगणकाला जोडणी मिळे. तोच ‘पीपीपीओई’ पद्धतीवर लावला, की पत्ते वाटण्याचं आणि वहीचं काम मोडेम स्वतः करी. माजघरातला कारकून सुटला. २०१२ मध्ये तमिळनाडूत तासन् तास वीज जायची, तेव्हा याचं मोल कळलं: एवढ्याशा डब्याला लहान बॅटरी पुरे, आजोबांचा अख्खा संगणक चालू ठेवायची गरज नाही.

पण तात्पुरती सोय मुक्कामालाच राहिली. फेब्रुवारी २०११ मध्ये पत्त्यांचा जागतिक साठा संपला. आता अनेक कंपन्या हाच पत्तेबदल आपल्या केंद्रात करतात आणि शेकडो घरं एका बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासूनची वेगळी मालिका राखून ठेवली गेली. तोटा असा, की नोंद होते ती आतून बाहेर गेलेल्या निरोपाचीच. तू जर्मनीतून आत्याच्या संगणकावरची मोडी पानं थेट उघडू पाहिलीस, तर वहीत तुझी नोंदच नसते आणि दार उघडत नाही. मधे कुणा तिसऱ्याचा सर्व्हर घ्यावा लागतो.

यावरचा खरा उपाय आयपीव्ही६. त्यात पत्त्यांची संख्या ३४० वर ३६ शून्यं एवढी आहे, म्हणजे माजघराला आणि माडीला आपापला स्वतंत्र पत्ता. त्याच्या वापरात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. आजोबांच्या केबलने एक फोन दोघांना पुरवला, ते त्या काळी योग्यच होतं. पण पत्त्यांची काटकसर आता चालू ठेवण्याचं कारण उरलेलं नाही.

तेव्हा तुझ्या राउटरमध्ये आयपीव्ही६ बंद असेल तर चालू कर, फायरवॉल मात्र चालूच राहू दे, आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून तसाच असेल तर तो आजच बदल. सुट्टीत इकडे आलास, की हीच तीन कामं आत्याच्या राउटरवरही करून दे.

कळावे.

तुझा,
काका