इमरान कुणाचा?

उर्दू शाळेतील मुले स्वतःचे काही लिहीत नाहीत, ही तक्रार शिक्षकांच्या बैठकीत नेहमी ऐकू येते. निबंध सांगितला की गाईडमधला उतारा वहीत उतरतो, हे खरेच आहे. पण याच मुलांच्या वह्या शेवटच्या पानाकडून उघडून पाहाव्यात. ढोकीच्या आमच्या आठवीच्या वर्गात तिथे अली इमरान भेटतो.

इब्ने सफी यांचा हा मानसपुत्र. वरून बावळट, आतून गुप्तहेर खात्याचा प्रमुख ‘एक्स-टू’. १९५५ साली ‘खौफनाक इमारत’मधून तो आला. माझे अब्बा तेरणा कारखान्यावर होते. अलाहाबादची ती पुस्तके त्यांनी जपून ठेवली होती. त्यांतली काही मी वर्गात वाचून दाखवली. महिन्याभरात मुलांचा इमरान ढोकीच्या स्टेशनवर उतरला, उसाच्या ट्रॉलीत लपला आणि तेरच्या रस्त्याला लागला.

या लेखकांच्या सवयी पाहण्यासारख्या आहेत. आधी मुखपृष्ठ, त्यावर पिस्तूल, मग नाव आणि सगळ्यांत शेवटी कथा. कथा संपत नाही. ‘बाकी आइंदा’ लिहून थांबते. त्यांची चीडही ठरलेली. स्वयंपाकी सुलेमानला कुणी मारलेले चालत नाही. ‘हे सगळे स्वप्न होते’ असा शेवट केला तर दोन दिवस अबोला.

कुणी म्हणेल, ही तर चोरी झाली. प्रश्न रास्त आहे. १९६० ते १९६३ या काळात इब्ने सफी आजारी असताना मिळतीजुळती नावे घेऊन अनेकांनी इमरानच्या कादंबऱ्या बाजारात आणल्या. ती वाचकांची फसवणूक होती. पुढे मुलतानचे मजहर कलीम यांनी मात्र स्वतःच्या नावाने इमरानवर शेकडो कादंबऱ्या लिहिल्या. आणि खुद्द इब्ने सफींची पहिली कादंबरी ‘दिलेर मुजरिम’ इंग्रजी लेखक व्हिक्टर गन यांच्या कादंबरीवर बेतलेली होती. ते त्यांनी स्वतःच सांगून टाकले. उसने घेणे वेगळे, उसने लपवणे वेगळे. मुले जे करतात त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, मश्क.

आता टीकेविषयी. घरात दखनी, पुस्तकात शुद्ध उर्दू, बाजारात मराठी. आपली कुठलीच भाषा बरोबर नाही, असे या मुलांच्या मनाने घेतलेले असते. अशा वहीवर लाल पेन फिरवला की वही कायमची मिटते. आपल्या परंपरेत इस्लाह होती. हैदराबादेतून दाग देहलवी टपालाने शागिर्दांच्या गझला दुरुस्त करून पाठवीत. तरुण इकबालही त्यांतलेच. इब्ने सफी तर ‘पेशरस’मध्ये वाचकांच्या तक्रारींना हसतखेळत उत्तरे देत. म्हणून वर्गात मी एक कायदा केला. आधी काय आवडले ते सांगायचे, मग इमरान कुठे इमरान वाटला नाही ते. इमला शेवटी, लुगत उघडून.

या कायद्याची कसोटी एका मुलीच्या कथेवर लागली. तिच्या कथेत ज्युलियाला कळते की इमरानच एक्स-टू आहे. वर्ग खवळला. तिने विचार केला, ‘बराबर है’ म्हणाली आणि तीन पाने नव्याने लिहिली. दुसरा आक्षेप सुलेमानवर होता. तो चक्क दखनी बोलत होता. ‘सुलेमान ऐसा नै बोलता,’ मुले ओरडली. ती शांतपणे म्हणाली, ‘ढोकी में रहेंगा तो कैसा बोलेंगा?’ वर्ग गप्प झाला. सुलेमानचा एकही शब्द तिने बदलला नाही.

कुठली टीका घ्यायची आणि कुठली परत करायची, हे तिला कुणी शिकवले नव्हते. एम.ए. झालेल्यांनाही ते जमतेच असे नाही. आमच्या मुलींना तर या शिक्षणाची फार गरज आहे. कारण त्यांच्यावर टीका करणारे पुष्कळ असतात, आणि ती सगळीच ऐकून घ्यावी असे त्यांना सांगितले जाते.

आमची शाळा आठवीपर्यंतच. नववीला मराठी शाळेत घालायचे की घरी बसवायचे, याचा खल तिच्या घरी चालू आहे. मी दोनदा जाऊन आले. तिच्या अम्मीचे मन वळले आहे, अब्बांचे अजून नाही. परवा तिने मला विचारले, ‘मॅडम, इमरानला मराठीत आणता येईल का? तिथं उर्दू कोण वाचणार?’

हिंदीत हीच पुस्तके निघाली तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश, हे मी तिला सांगितले.

ती म्हणाली, ‘माझा इमरानच राहील.’

मराठीची नवी वही मी तिला आणून दिली आहे. पहिल्या पानावर पिस्तूल काढून झाले आहे.