गुडघ्यांची हजेरी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा सुरू झाल्या. सुट्टीत गावाला गेलेल्या मुली परतल्या आणि संध्याकाळी प्राधिकरणातलं मैदान पुन्हा भरलं. फुटबॉल टीमची लेफ्ट बॅक मात्र गुडघ्याला ब्रेस लावून कठड्यावर बसलेली. मे महिन्यात हेडरसाठी उडाली, एका पायावर उतरली, गुडघा आत वळला आणि ‘कट्’ असा आवाज तिचा तिलाच ऐकू आला. जवळपास कोणी नव्हतं. आई अजून विचारते, “पाडलं कुणी?” कोणीच पाडलं नाही हे आईला पटवणं एमआरआयचा रिपोर्ट समजावण्यापेक्षा अवघड जातंय. या प्रकारच्या बहुतेक दुखापती अशाच होतात. धावता धावता एकदम थांबताना, दिशा बदलताना, उडीवरून उतरताना. मांडीचं हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आतून बांधून ठेवणारा करंगळीएवढा बंध, एसीएल. तिचा पूर्ण तुटलाय, शिवाय आतली गादीही फाटलीय. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. मुलगी यंदा दहावीला.

बाकीच्यांचा वॉर्मअप पाहिला. मैदानाला दोन चकरा, हात गोल फिरवणं, की लगेच दोन टीम पाडून मॅच. प्रशिक्षक सरांना तरी काय बोलणार? मुलींना मैदान पाच ते सव्वासहा. त्यानंतर क्रिकेटवाले स्टंप घेऊन उभेच असतात.

१९ जून, गुरुवार

तुकोबांची पालखी आकुर्डीत. रस्ते बंद, सराव बंद. दुपारपासून फिजिओंच्या सेवा-मंडपात बसले होते. पाय, पाय आणि पाय. साठीच्या एका बाईंचा उजवा गुडघा टरटरून सुजलेला. कधीपासून दुखतोय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “मोजलं न्हाई बाई.” पट्टी बांधून घेतली आणि दिंडी गाठायला धावत सुटल्या.

२३ जून, सोमवार

ऑपरेशन झालं, नीट झालं. आईचा पहिला प्रश्न: “दिवाळीपर्यंत खेळेल ना?” नाही खेळणार. २०१६ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी एसीएलचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंचा दोन वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या नऊ महिन्यांत परतणं जितकं लांबवलं, तितकी पुन्हा दुखापत कमी झाली. दर महिन्यामागे धोका निम्म्याने उतरत गेला. नऊ महिने म्हणजे मार्च, म्हणजे बोर्डाची परीक्षा. आईला हिशेब आवडला. मुलीला अजिबात नाही.

रात्री वाचत बसले. एकाच खेळात पुरुषांच्या तुलनेत बायकांचं एसीएल दुपटीपासून सहापटीपर्यंत जास्त तुटतं, हे सगळीकडे सांगितलं जातं. ‘का’ विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: कंबर रुंद, गुडघा आत झुकलेला, पाळीतले हार्मोन. लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठात फिफाच्या पैशाने पाळी आणि एसीएल यांच्या संबंधाचा अभ्यास चाललाय. चांगलंच आहे, व्हायलाच हवा. पण सगळं खापर शरीरावर फोडण्याची ही घाई मला खटकते. २०२१ साली जोआन पार्सन्स, स्टेफनी कोएन आणि शेरी बेकर यांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये हेच विचारलं होतं. मुलीला लहानपणापासून किती खेळू दिलं, वजनं उचलू दिली का, मैदान कसलं दिलं, फिजिओ दिला का, याचा गुडघ्याशी काही संबंध नाही? सव्वासहाला मैदानातून बाहेर काढणं हार्मोनच्या खात्यात कसं घालायचं?

२०२३ च्या विश्वचषकाला एकट्या आर्सेनलच्या तिघी, लिया विल्यमसन, बेथ मीड आणि व्हिवियन मिडेमा, याच दुखापतीने मुकल्या. सॅम कर आपल्या शेजारी बालेवाडीत खेळून गेली. ३० जानेवारी २०२२, आशियाई चषकाची उपांत्यपूर्व फेरी, ऑस्ट्रेलिया दक्षिण कोरियाकडून ०-१ हरली. तो सामना मी टीव्हीवर पाहिला होता. दोन वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, चेल्सीच्या मोरोक्कोतल्या सराव शिबिरात तिचंही एसीएल गेलं. त्याच वर्षी खेळाडूंची संघटना फिफप्रो, इंग्लंडची संघटना, नायकी आणि लीड्स बेकेट विद्यापीठ यांनी मिळून इंग्लंडच्या महिला लीगमध्ये तीन वर्षांचा प्रकल्प हाती घेतला. त्यात क्लबांकडे काय सोयी आहेत, प्रवास किती, विश्रांती किती, हेही विचारताहेत. इतक्या उशिरा का होईना. २०१४ ते २०२० या काळातले क्रीडाविज्ञानाचे पाच हजारांवर शोधनिबंध कुणीतरी चाळले, तर फक्त बायकांवर केलेले निघाले ६ टक्के.

२६ जून, गुरुवार

आज गोलकीपरचे बाबा आले. भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत सेफ्टी बघतात, गुरुवारची सुट्टी. मुलीचा अंगठा दाखवायला आले होते. अंगठा बघून झाल्यावर म्हणाले, “मॅडम, गेल्या वर्षात टीममध्ये किती जणींना लागलं?” मला सांगता येईना. सरांना फोन लावला. ते म्हणाले, “अहो, चाललेलं असतं, लागतंच.”

मग त्यांनी आपल्या कंपनीचं सांगितलं. गेटवरच बोर्ड, शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले. बोट चिमटता चिमटता वाचलं तरी ‘निअर मिस’ लिहायचं. एकूण मॅन-अवर्स किती भरले आणि त्यात किती अपघात, याचा दर काढायचा. कारखाना कायद्याप्रमाणे माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर इन्स्पेक्टरला कळवावंच लागतं. “प्रेसवर काम करणाऱ्याच्या बोटाची नोंद आहे,” म्हणाले, “माझ्या पोरीच्या बोटाची नाही.”

गंमत अशी की फुटबॉलमध्ये नेमकं हेच मोजमाप कधीच ठरलंय. २००६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून व्याख्या केल्या. दर हजार खेळ-तासांमागे किती दुखापती, मॅचच्या वेगळ्या, सरावाच्या वेगळ्या. तीन दिवसांपर्यंत बाहेर राहिली तर किरकोळ, आठवड्याच्या आत असेल तर सौम्य, २८ दिवसांपर्यंत मध्यम, त्यापुढे गंभीर. कारखान्यातला फोरमन आणि टीमचा फिजिओ एकाच पद्धतीने हिशेब करू शकतात. आम्ही टेबलावरच गणित मांडलं: वीस मुली, सव्वा तास, म्हणजे २५ तास, आठवड्याला चार सराव म्हणजे १००. दहा आठवड्यांत हजार तास.

त्यांनी येताना शंभर पानी वही आणलीच होती. पट्टीने रकाने आखले: तारीख, किती मुली, किती मिनिटं, काय लागलं, कुठे, धक्का लागून की आपोआप, मैदान ओलं की कोरडं, परत कधी आली. मी शेवटी एक रकाना वाढवला, ‘पाळी’. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, “हा तुम्ही आणि मुलींनी भरायचा. मला दाखवू नका.”

१ जुलै, मंगळवार

वॉर्मअप बदलला. ‘इलेव्हन प्लस’ ही वीस मिनिटांची कवायत फिफाच्या वैद्यकीय केंद्राने काढलेली. हलकं धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी जोरात धावून दिशा बदलणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर ती तपासली, निष्कर्ष २००८ साली आले. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या, गंभीर तर जवळपास निम्म्यावर आल्या. खरं तर त्यांचा मूळ प्रश्न पायाच्या दुखापतींचा होता आणि तिथला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. हे सांगताना लोक गाळतात. एसीएलचा पक्का पुरावा स्वीडनचा, २०१२ चा: साडेचार हजार मुली, आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचे गुडघ्याचे व्यायाम, आणि एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी. पण आकडे उलगडून बघितले तर व्यायाम करणाऱ्या गटात ७ गुडघे गेले, न करणाऱ्यांत १४. साडेचार हजारांत एकवीस! म्हणजे आमच्या वहीतून एसीएलबद्दल काही सिद्ध व्हायला माझा जन्म पुरायचा नाही. बाबांना हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, “सिद्ध करायचं नाहीये, विसरायचं नाहीये.”

सरांचा आक्षेप वेळेवर. पंचाहत्तरातली वीस मिनिटं यातच गेली तर मुली खेळणार कधी? मी म्हटलं, चकरा बंद करा, रांगेत उभं राहून एकेक शॉट मारणं बंद करा. तिथलीच मिनिटं काढली. दोघींच्या जोड्या लावून नॉर्डिक करायला घेतलं. एकीने गुडघ्यावर बसायचं, दुसरीने घोटे दाबून धरायचे, पहिलीने ताठ अंगाने हळूहळू पुढे झुकायचं. चिखलात पहिल्या दिवशी सगळ्या तोंडावर. उड्यांवर जास्त वेळ दिला. उतरताना आवाज नको, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. निम्म्या मुलींचे गुडघे आत जातात, मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला तेव्हाच त्यांना दिसलं.

५ जुलै, शनिवार

चियांग माईत भारताने थायलंडला २-१ हरवलं! दोन्ही गोल संगीता बासफोरचे. महिलांच्या आशियाई चषकात प्रवेश, पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच. २०२२ साली नवी मुंबईत यजमान म्हणून आयतं स्थान होतं, तर संघातच करोना पसरला आणि चायनीज तैपेईविरुद्ध मैदानात उतरायला नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान तेरा जणी उरल्या नाहीत. आज व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता धुमाकूळ. उद्या आषाढी. उपवास करून सरावाला येऊ नका, असा मेसेज टाकला. कोणी ऐकणार नाही.

१४ जुलै, सोमवार

मुलींचं रक्त तपासून घेतलं. आकडे वहीत आहेत, इथे लिहीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. फुटबॉलचे बूट घातले म्हणून आमच्या मुली त्यातून सुटत नाहीत. ‘दम लागतो, आळशी आहे’ असा शिक्का बसलेली एक मिडफिल्डर आहे. तिचा रिपोर्ट सरांपुढे ठेवला. सर काही बोलले नाहीत, पण आज तिला अर्ध्या वेळानंतर बाहेर घेतलं आणि पाणी स्वतः नेऊन दिलं.

या मुलीची आई चाकणला वायरिंगच्या लाइनवर. पहिल्या पाळीची बस पहाटे पावणेसहाला स्पाइन रोडवर येते. डबा तिन्ही पोरांचा एकदमच, पोहे नाहीतर चपाती-बटाटा. मुलगी संध्याकाळी उपाशी खेळते आणि रात्री आठला जेवते. जितकं खर्च होतं तितकं पोटात जात नसेल तर पाळी लांबते, हाडं ठिसूळ होतात, लागलेलं लवकर भरत नाही. ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून याला नाव देऊन ठेवलंय, युरोपातले क्लब त्यासाठी आहारतज्ज्ञ नेमतात. आमचा उपाय: सरावाआधी गूळ-शेंगदाणे आणि एक केळं, पैसे वर्गणीतून. पाळीचा रकाना पहिल्यांदा कोराच राहायचा. आता मुली स्वतःहून टिंब काढतात, निळ्या पेनने. दोघींची पाळी तीन-तीन महिने आलेली नाही. एकीच्या आईने “बरंच झालं, खेळाला अडचण नाही” म्हटलं. त्या आईला क्लिनिकवर बोलावून तासभर बसवलं.

१९ जुलै, शनिवार

राइट विंगरच्या टाचेला फोड, त्याआधी बोटाचं नख गेलेलं. बूट बघितले तर भावाचे, पुढे कापूस कोंबलेला. तिच्यासोबत पिंपरी कॅम्पात तीन-चार दुकानं फिरले. मुलींचे फुटबॉल बूट मागितल्यावर दुकानदाराने गुलाबी लेस दाखवल्या. मुलींचा पाऊल-साचा वेगळा असतो, टाच अरुंद, कमान उंच. बूट मात्र पुरुषांच्या पायाचे, लहान मापात कापलेले. युरोपच्या क्लबांच्या संघटनेने २०२३ साली विचारलं, तेव्हा वरच्या पातळीच्या ८२ टक्के खेळाडूंनी बुटांचा त्रास होतो म्हणून सांगितलं. त्यांना कंपन्या बूट फुकट देतात तरी. शेवटी एक आतून मऊ, आखूड स्टडचा जोड मिळाला. लांब ब्लेडचा स्टड ओल्या मातीत रुततो, पाय जागच्या जागी अडकतो आणि वरचं अंग वळतं. गुडघ्याला मधे वाली नाही.

२८ जुलै, सोमवार

काल रात्री युरो फायनल. इंग्लंडने स्पेनला पेनल्टींवर हरवलं. मग बातमी आली की लुसी ब्रॉन्झ अख्खी स्पर्धा नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळली. सकाळपासून ग्रुपवर तिचे फोटो, ‘वाघीण’. मला ब्रॉन्झबद्दल आदर आहे. तेहतीस वर्षांची बाई, भोवती डॉक्टरांचा ताफा, निर्णय तिचा. पण आज सरावाला सेंटर हाफ लंगडत आली आणि “काही नाही ताई” म्हणाली. तिला बाहेर बसवलं तर डोळ्यांत पाणी. शुक्रवारी सुब्रतो चषकाची मॅच आहे, जागा जाईल म्हणून लपवत होती. घोटा मुरगळलेला, आठवडाभर विश्रांती. वहीत लिहिलं: ‘आपोआप, लपवलं – दोन दिवस’. ‘लपवलं’ हा रकाना नव्हता, समासात लिहिला.

७ ऑगस्ट, गुरुवार

बाबांनी सुट्टीत बसून बेरीज केली. हजार तास अजून भरलेले नाहीत. दर काढायचा मोह झाला, काढला नाही. आकडा लहान आहे. एवढं मात्र दिसतं की निम्म्याहून जास्त नोंदी पावसानंतरच्या पहिल्या सरावाच्या आहेत, आणि समासातलं ‘लपवलं’ वाढत चाललंय. पुढच्या वहीत त्याला रकाना.

दुपारी भोसरीहून कबड्डीचे एक प्रशिक्षक आले. भोसरीत मुलींच्या कबड्डीला काय धार आहे ते सांगायला नको. गुडघेही तितकेच जातात. चढाईत पाय मागे अडकला आणि अंग पुढे गेलं की संपलं. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी २०१७ साली कबड्डीपटूंच्या गुडघ्यांवर स्वतंत्र लेख लिहिला होता, तो त्यांना दाखवला. त्यांना लेखापेक्षा वही हवी होती. रकाने बदलावे लागतील: चढाई की पकड, माती की मॅट, घोटा धरला की मांडी. बाबा लगेच पट्टी घेऊन बसले. प्रशिक्षक म्हणाले, “आमच्याकडे पोरी जास्त आहेत, दोन वह्या करा.” मग पाळीच्या रकान्यावर अडले. तो कोणी भरायचा, त्यांच्याकडे बाई प्रशिक्षक नाही. पुढच्या गुरुवारी मी जाऊन मुलींशी बोलणार, तोवर तो रकाना आखून ठेवायचा, असं ठरलं.