इमारत देणगीतून, वीजबिल कशातून?

शाळेसाठी देणगी मागितली आणि मिळाली नाही, असे आपल्या समाजात सहसा घडत नाही. वर्गखोलीला एकाचे नाव, सभागृहाला दुसऱ्याचे, प्रवेशद्वाराला तिसऱ्याचे, अशी नोंद होते आणि इमारत उभी राहते. वीजबिलाला मात्र आपले नाव द्यावे, अशी इच्छा कोणी व्यक्त केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ते दरमहा येते आणि अखेरीस विद्यार्थ्यांच्या शुल्कात उतरते. व्यापारात आपण भांडवली खर्च आणि चालू खर्च कधी एकत्र करत नाही. दानधर्मात मात्र पहिला पाहतो आणि दुसरा विसरतो.

गेल्या वर्षी परिचयातील काही विश्वस्तांनी पेण शहराच्या एका वाढत्या वस्तीत शाळा बांधण्याचे ठरवले आणि अंदाजपत्रक मला पाहावयास दिले. रस्ता पश्चिमेला असल्याने दर्शनी भागही पश्चिमेला होता आणि तो संपूर्ण काचेचा होता. सर्व वर्ग वातानुकूलित होते. आकडेमोड चोख होती. फक्त पुढील ३० वर्षांच्या खर्चाचा रकाना नव्हता. मी त्यांना म्हटले, "शेठ, एकदा माझ्याबरोबर जोहे गावी चला."

हमरापूर-जोहे परिसर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. नोकरीत असताना हंगामी कर्जांच्या पाहणीसाठी मी तेथे अनेकदा गेलो होतो. शाडूची मूर्ती कडक उन्हात ठेवली तर तडकते, आणि कोंदट जागी ठेवली तर वाळत नाही. तिला सावली हवी, खेळती हवा हवी आणि पावसाची झड आत येता कामा नये. वर्गात बसलेल्या मुलाची गरज याहून निराळी नाही. कोकणच्या दमट हवेत घाम वाळला तरच शरीर निवते, आणि घाम वाळण्यास वारा लागतो. बंद काचेमागे तो वारा विकत घ्यावा लागतो, एवढेच मला विश्वस्तांना दाखवायचे होते.

परतल्यावर आम्ही वास्तुविशारदांसह नकाशा पुन्हा मांडला. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. एरवी तो दक्षिणेकडे, पण बराच उंच. म्हणून उत्तर-दक्षिण भिंतींना माफक छज्जा पुरतो. पूर्व-पश्चिमेचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याने अडत नाही. त्यासाठी पश्चिमेला खोल व्हरांडा हवा. जुन्या घरांतील पडवी हेच काम करीत असे, आणि नैर्ऋत्येचा पाऊसही तीच अडवीत असे. वर्गाच्या समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या आणि छताजवळ झरोके असावेत. कौलांखालचा माळा जसा उष्णता खोलीवर उतरू देत नसे, तसे गच्चीवर उष्णतारोधक थर देऊन पांढरा पृष्ठभाग करावा.

अशी शाळा केवळ कल्पनेत नाही. पुण्याजवळ लवळे येथील मुलींची अवसरा अकॅडमी 'केस डिझाइन' या संस्थेने उभारली आहे. तेथे जमिनीखालच्या नळांतून हवा थंड होऊन वर्गात येते आणि सूर्याच्या उष्णतेवर चालणारी धुराडी तापलेली हवा वर ओढून घेतात. मात्र पुण्याच्या रात्री थंड असतात, कोकणच्या तशा नसतात. म्हणून त्यांचे तंत्र जसेच्या तसे न उचलता, आपल्या हवेचा विचार आधी करण्याची त्यांची रीत उचलावी.

आता हिशेब. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी पंखा सुमारे ३०. दहा वर्गांत प्रत्येकी चार म्हणजे ४० पंखे झाले. दिवसाचे सहा तास आणि वर्षाचे २२० दिवस धरल्यास फरक २,३७६ युनिटचा होतो. आपल्या बिलावरील दराने वाचकांनी गुणाकार करून पाहावा. दीड टनाचे एक वातानुकूलन यंत्र साधारण दीड किलोवॅट घेते, आणि हे चाळीसही नवे पंखे मिळून १.२ किलोवॅट. छतावर एक किलोवॅटच्या सौर पॅनेलला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते व त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. उन्हाळी सुट्टीतील वीज नेट मीटरिंगने पुढील महिन्यांच्या बिलात वळती करता येते.

केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आली व २०१७ मध्ये सुधारली गेली. तिच्यात शैक्षणिक इमारतींचा समावेश आहे. पण तिचा रोख १०० किलोवॅट वा अधिक जोडभाराच्या इमारतींवर आहे. वस्तीतील लहान शाळा त्या मर्यादेत येत नाही. तेथे सक्ती करणारे कोणी नसल्याने हा विवेक विश्वस्तांनाच दाखवावा लागतो.

आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "साहेब, काच काढली तर देणगीदारांना भव्य काय दिसणार?" प्रश्न प्रामाणिक होता. भव्यता दिसली नाही तर देणगी आटते, हा त्यांचा अनुभव. मी उत्तर दिले, "व्हरांड्याच्या प्रत्येक खांबावर नाव लावा, शेठ. काचेवर नाव लावायला जागा तरी कुठे आहे?" सभेत हशा पिकला. पुढे व्हरांडा मंजूर झाला आणि वातानुकूलन फक्त संगणक कक्षापुरते राहिले. दर्शनी काचेचा एक पट्टा मात्र कायम राहिला. त्यावर मतभेद अजून आहेत.

आपल्यापैकी अनेकांकडे यापुढेही शाळांसाठी देणगीची विनंती येईल. नावाची पाटी कोठे लागणार हे जरूर विचारावे. पण त्याआधी पश्चिमेला काय आहे, वारा कोणत्या खिडकीने आत येऊन कोणत्या खिडकीने बाहेर जाणार आणि दहाव्या वर्षीचे वीजबिल कोण भरणार, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे लेखी मागावीत. देणारा विचारतो, तेव्हाच नकाशा बदलतो.