ओल कुणाची?

चिखलीत किरायाचे घर शोधताना आमचे नाव ऐकून काही दारे मिटली. शेवटी मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी दोन खोल्या दिल्या तेव्हा आम्ही अल्लाहचे शुक्र अदा केले. बोली तोंडीच झाली. कागद मागणे म्हणजे त्यांच्यावर शंका घेणे, असे आम्हाला वाटले.

पहिल्याच पावसाळ्यात आतल्या खोलीच्या छताला ओल आली. मग कपाटामागे काळी बुरशी धरली. धाकटी रात्र रात्र खोकू लागली. डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता विचारले, "घरात ओल आहे का?"

घरमालकांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, घर पक्के आहे. तुमच्याकडेच पाणी फार. वुजू, कपडे, सगळे आतच." आम्ही मान खाली घालून परतलो आणि डिस्टेंपर मारला. महिन्याभरात बुरशी रंगातून वर आली.

इंग्लंडमधील रॉचडेलच्या अव्वाब इशाकची गोष्ट नंतर वाचली, तेव्हा अंगावर काटा आला. सुदानहून आलेल्या कुटुंबाचा हा दोन वर्षांचा मुलगा. वडिलांनी २०१७ पासून बुरशीची तक्रार केली होती. त्यांनाही वरून रंग मारायला सांगितले गेले. डिसेंबर २०२० मध्ये मूल गेले. घरातील बुरशीमुळेच त्याचा श्वास गेला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीत निघाला. कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण चुकीचा समज करून घेतला, हे घर देणाऱ्या संस्थेने कबूल केले. पुढे अव्वाबच्या नावाने कायदा झाला.

आम्ही आपली भिंत नीट पाहिली. पावसानंतर छतावरचा डाग वाढत असेल तर पाणी गच्चीतून येते. ओल भिंतीच्या बुडापासून वर चढून पांढरा क्षार फुटत असेल तर ती जमिनीतली. बंद कोपऱ्यात, कपाटामागे धरते ती बहुधा घरातल्या वाफेची. आमच्याकडे पहिली आणि तिसरी, दोन्ही निघाल्या. स्लॅबची भेग मालकांची होती. पण पडद्यासाठी खिडकी कायम बंद ठेवणे, ओले कपडे आत वाळवणे, कपाट भिंतीला चिकटवणे, हे आमचे होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो जिथे लागू आहे तिथे, वेगळा करार नसेल तर, घर राहण्याजोगे ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची वाजवी मुदत उलटली, तर किरायेदार स्वतः दुरुस्ती करून खर्च किरायातून वळता करू शकतो; मात्र वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंतच. करार लेखी करून नोंदवणे हीदेखील मालकाचीच जबाबदारी. आपल्या शरीअतमध्येही घर किरायेदाराच्या हाती अमानत असते आणि ते वापरण्याजोगे ठेवणे मालकाकडे असते.

आम्ही चिठ्ठी लिहिली. आमच्या चुका आधी लिहिल्या, मग भेगेची. बुजुर्ग स्वतः आले, गच्चीवर चढले. उतरल्यावर धाकटीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, आधीच वर चढायला हवे होते मी." आठवड्याभरात भेग भरली गेली. आम्ही कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आणि खिडकीला जाळीचा पडदा लावून ती उघडी ठेवू लागलो.

घर मिळाले, एवढ्यावरच खूश होऊन आपण गप्प बसतो. पण ओल झाकली की ती आधी लेकरांच्या छातीत जाते.